सकाळीच दाबलेलं ‘पूर्ण’

वार्निश हाताला लागलं की नुसत्या साबणाने जात नाही. आधी थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने बोटं पुसायची, मग साबण, मग पाणी, आणि तरीही बोटांच्या टोकांवर एक पातळ पापुद्रा राहतोच. मी गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात कॉइलवर टेप गुंडाळते. ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याच्या तारेची जी वेटोळी असतात, ती कॉइल. पुरुष मशीनवर तार गुंडाळून देतात आणि आम्ही बायका तिच्यावर सुती टेप चढवतो. टेपची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या अर्ध्यावर यायला हवी आणि प्रत्येक थरावर ब्रशने वार्निश लावायचं. हातमोजे दिलेले आहेत, पण ते घातले की टेपचा ताण कळत नाही. ताण कमी पडला तर भट्टीतून निघाल्यावर टेप सैल होते आणि कॉइल परत येते. म्हणून सगळ्या जणी उघड्या हातांनीच काम करतात.

हे काम मला जिज्जीने शिकवलं. तिचं टेबल माझ्या शेजारी. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे तिला जिज्जी, म्हणजे मोठी बहीण, म्हणतात. मी लग्न होऊन विदर्भातून भोपाळला आले. सासरे इथल्या सरकारी ऑफिसात शिपाई होते. मी कारखान्यात लागले तेव्हा मला हिंदी समजायची, पण तोंडातून निघायची नाही. खरं तर मराठीही फारशी निघत नाही. पहिल्या महिन्यात जिज्जीने माझ्या हातावर हात ठेवून ताण शिकवला, आणि कोणी माझ्याशी बोलायला आलं तर तीच उत्तर द्यायची.

"इससे मत पूछो, इसकी आवाज़ मायके में छूट गई है," असं म्हणून हसायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कोणीतरी माझ्या वतीने बोलतंय याचं बरंच वाटायचं.

आमच्या विभागाचे साहेब मराठी आहेत. त्यांचे वडील नोकरीनिमित्त इकडे आले, साहेब इथेच शिकून इंजिनिअर झाले. वयाने माझ्याहून लहान, पण मी साहेबच म्हणते आणि ते मला ताई म्हणतात. पूर्वी ते दिवसातून तीनदा टेबलांमधून फिरायचे. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक कॉइलवरून डोळे मिटून बोट फिरवायचे. जिथे फेरी चुकली असेल तिथे बोट थांबायचं. "ताई, इथे," एवढंच म्हणायचे. मी तेवढा भाग उकलून पुन्हा बांधायचे. दहा मिनिटांचं काम असायचं.

मग एकामागून एक सॉफ्टवेअर आली. शेठजी, म्हणजे आमचे मालक, वाईट माणूस नाहीत. माल वेळेवर जात नव्हता आणि वेळ नेमका कुठे जातो ते त्यांना कळत नव्हतं. हजेरीसाठी एक सॉफ्टवेअर आलं, मशीनच्या दुरुस्तीसाठी दुसरं, रोजच्या कामासाठी तिसरं. ज्या कंपनीला आमच्या कॉइल जातात तिची साइट वेगळी. शिवाय शेठजींचा फोनवरचा ग्रुप. जुनं रजिस्टर तर होतंच, कारण ते बंद करा असं कोणी म्हटलंच नाही. संध्याकाळी मी जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक कॉइलच्या नंबरचे कागद, द्यायला ऑफिसच्या खिडकीशी जायचे, तेव्हा साहेब एकाच कॉइलचा नंबर आधी रजिस्टरमध्ये लिहीत असायचे, मग एका पडद्यावर, मग दुसऱ्या, मग फोनवर. त्यांचं टेबलांमधून फिरणं तीनदाचं दोनदा झालं, मग एकदा, मग बंदच पडलं. चुकीची फेरी आता भट्टीनंतर सापडायची. परत येणाऱ्या कॉइल वाढल्या. त्यासाठी आणखी एक फॉर्म आला.

आमच्या वाट्याला एक फोन आला. दोन टेबलांच्या मधल्या खांबावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात. कॉइल हातात घेतली की तिचा नंबर टाकून ‘सुरू’ दाबायचं आणि झाली की ‘पूर्ण’. ऐकायला सोपं होतं. पण कॉइल संपते तेव्हा हात वार्निशने माखलेले असतात. चिकट बोटाने दाबलं तर पडद्याला कळतच नाही, आणि पडदा खराब झाला तर बोलणी बसतात. म्हणजे दर कॉइलमागे थिनर, साबण, पाणी, मग हात कोरडे करायचे, मग फोन, मग नेट येण्याची वाट बघायची. तोवर पुढच्या कॉइलसाठी वाटीत काढलेलं वार्निश घट्ट होऊन जायचं.

जिज्जीला आकडे वाचता येत नव्हते. मी चौथी शिकले आहे, त्यामुळे तिच्या वाटचं फोनचं काम माझ्याकडे आलं. आठवडाभर मी दोघींचं करत राहिले आणि आठवडाभर आमच्या कॉइल कमी भरल्या. मग मला एक युक्ती सुचली. सकाळी हात स्वच्छ असतात. दिवसभराच्या आठही कॉइलची कार्डं तेव्हाच टेबलावर आलेली असतात. मी जिज्जीच्या आठही कॉइल सकाळीच ‘सुरू’ आणि लगेच ‘पूर्ण’ करून टाकायला लागले. माझ्या मी अर्ध्या सकाळी करायचे आणि अर्ध्या जेवणानंतर, कारण जेवायला हात धुवावेच लागतात. जिज्जीच्याही तशाच करायचं म्हणत होते, पण तीच म्हणाली, "काए, मेरा सुबह ही निपटा दे. दोपहर में उस डिब्बे के आगे लाइन कौन लगाए."

बाकीच्या बायकांनी हे बघितलं. एकीने विचारलं, मी दाखवलं. मग सगळ्या टेबलांवर माझ्यासारखंच, अर्ध्या सकाळी आणि अर्ध्या जेवणानंतर, होऊ लागलं. कोणाला खोटं केल्यासारखं वाटलं नाही. कॉइल तर खरोखर होत होत्या, आणि पहिल्यासारख्या आठ होत होत्या. मला तर आपण काहीतरी कामाचं शोधलं याचा आनंदच झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा चार बायका माझ्याकडे काही विचारायला आल्या होत्या.

दिवाळीनंतर पाण्याच्या कूलरशेजारी एक टीव्ही लावला. त्यावर प्रत्येकीच्या नावापुढे एक पट्टी असायची. काम चालू तेवढा भाग हिरवा, रिकामं तेवढा लाल. आमच्या पट्ट्यांवर जेवणानंतर आणखी एक हिरवा ठिपका यायचा. जिज्जीच्या पट्टीला सकाळी एकच हिरवा ठिपका होता आणि मग संध्याकाळपर्यंत सगळं लाल.

ती पाण्याचा ग्लास घेऊन त्या टीव्हीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "मेरी वाली सबसे सुंदर है. सिंदूर जैसी."

ती पट्टी लाल का, ते मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा वाटलं, साहेबांना तर माहीत आहे ती किती काम करते. दुसऱ्या सकाळीही मी तिची बटणं तशीच दाबली.

एका संध्याकाळी कार्डं द्यायला गेले तर साहेबांनी मला खिडकीपाशी थांबवलं. मागे कोणी नाही हे बघून ते मराठीत म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही दोन टेबलं सांभाळाल का?"

"दोन?"

"शेठजी टेपिंगचं एक टेबल कमी करणार आहेत. पुढच्या महिन्यापासून. रिपोर्टमध्ये सगळ्यांत जास्त रिकामा वेळ जिज्जींचा दिसतो, दिवसभर बसून असतात असं येतंय. मलाही पटत नाही, पण मी काय दाखवू? वेळ दाखवणारा दुसरा कागद माझ्याकडे नाही." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "त्यांना अजून सांगू नका. मी सांगेन."

मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. जिज्जीच्या नवऱ्याचं औषधपाणी तिच्या कारखान्याच्या विमा कार्डावर चालतं. महिन्यातून दोनदा ती त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेते आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या लोकांच्या नकला करून दाखवते. नोकरी गेली की ते कार्डही जाणार. आणि ती लाल पट्टी माझ्या बोटाने तयार झाली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीशी गेले. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. साहेबांनी दोन पडद्यांमधून मान वर केली. "काय ताई?"

"साहेब, ते... नळाला पाणी येत नाही."

त्यांनी लगेच प्लंबरला फोन लावला. प्लंबर आला, नळ सोडून बघितला, पाणी धो धो आलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. जिज्जी म्हणाली, "साल में एक शिकायत करी, वो भी झूठी." मी टेपकडे बघत राहिले. ती हसत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"मग सांगून टाक ना साहेबांना."

"सांगता येत नाही. तिथे गेलं की सगळं विसरायला होतं."

"मग लिहून दे. लिहितेस की तू. पिठाच्या डब्यामागे वही आहे, ती काय मला दिसत नाही?"

मला इतकी लाज वाटली की मी उठून भांडी घासायला गेले. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी एका कोऱ्या जॉब कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहिलं. ‘साहेब, जिज्जी बसून नसते. तिच्या कॉइल मी सकाळीच पूर्ण दाबते कारण नंतर हात चिकट असतात. फोन म्हणतो ती रिकामी आहे. ती रिकामी नसते. चूक माझी आहे.’ ‘रिकामी’ दोनदा आलं ते बरं दिसत नव्हतं, पण खोडलं नाही.

संध्याकाळी ते कार्ड मी बाकीच्या कार्डांच्या गठ्ठ्यात वरून दुसरं ठेवलं, लिहिलेली बाजू खाली, आणि पळाल्यासारखी बसस्टॉपवर गेले.

दुसरा दिवस गेला. साहेबांनी बोलावलं नाही. तिसरा दिवसही गेला. मी प्रत्येक वेळी ऑफिसचं दार वाजलं की टेप घट्ट धरायचे. मला वाटलं, साहेबांनी वाचलं आणि ठरवलं की आता काही होऊ शकत नाही. मग वाटलं, वाचून ते शेठजींकडे गेले असतील आणि आता आम्ही दोघी जाणार. चौथ्या दिवशी मी कार्डं द्यायला गेले तेव्हा बघितलं, साहेब गठ्ठ्यातलं एकेक कार्ड टेबलावर ठेवत होते, वरून फोनने फोटो काढत होते आणि बाजूच्या खोक्यात टाकत होते. ठेव, फोटो, खोकं. ते कार्ड वाचतच नव्हते. उलटून बघायचा तर प्रश्नच नव्हता. वाचायचं काम आता फोटो घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं होतं.

माझी चिठ्ठी कोरी बाजू वर करून कुठेतरी जमा झाली होती.

"काय ताई, परत पाणी गेलं?" साहेब थकून हसले. त्यांचे डोळे लाल झाले होते. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि बहुतेक त्यामुळेच तोंड उघडलं.

"साहेब, सोमवारचं कार्ड उलटं करा."

"कुठलं?"

"कोरं आहे ते. माझं आहे."

त्यांनी खोकं खाली घेतलं आणि शोधायला लागले. बराच वेळ लागला. मी खिडकीचा गज धरून उभी होते. त्यांना ते सापडलं, त्यांनी उलटलं आणि उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून परत वाचलं.

"हे फक्त जिज्जींच्या टेबलावर होतं का?"

इथे मला हो म्हणता आलं असतं. "सगळ्याच टेबलांवर," मी म्हटलं. "मीच शिकवलं सगळ्यांना."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "मशीनच्या देखभालीचं रोज भरायचं असतं ना, ते मी शनिवारी बसून आठवड्याचं एकदम भरतो. आता कोणाला रागवू मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब जिज्जीच्या टेबलाशी आले. कित्येक महिन्यांनी ते आमच्याकडे आले होते. त्यांनी बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "जिज्जी, आज एक कॉइल मैं बाँधूँगा."

"बाँधो भैया. पर वापस आई तो नाम मेरा मत लिखना."

त्यांना जमत नव्हतं. इंजिनिअर असले तरी टेप त्यांच्या हातातून निसटत होती, आणि वार्निश मनगटापर्यंत आलं. जिज्जी बाजूला स्टुलावर बसून सूचना देत होती आणि सगळ्या बायका हात थांबवून बघत होत्या. शेवटी कशीबशी कॉइल झाली. साहेब खांबाजवळ गेले आणि त्यांनी फोनवर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. पडद्यावर पिवळा डाग पडला.

"दबाओ भैया, दबाओ," जिज्जी म्हणाली. "ज़ोर से. शायद उसे गुदगुदी न होती हो."

सगळ्या हसल्या, साहेबही. आणि नेमके तेव्हाच शेठजी आत आले. त्यांनी एकदा साहेबांच्या हातांकडे बघितलं, एकदा आमच्याकडे.

"इंजीनियर साहब, टेप लपेटने के लिए रखा है आपको?"

"नहीं सेठजी," साहेब म्हणाले. "एंट्री करने के लिए रखा है. वही नहीं हो रही. आप कर दीजिए, मेरे हाथ सने हैं."

शेठजींनी स्वतःच्या स्वच्छ बोटाने डाग चुकवत नंबर टाकला. पाकिटाचं प्लॅस्टिक, त्यात कारखान्यातलं नेट. गोल चक्र फिरत राहिलं. शेठजी उभे राहिले, आम्हीही उभ्या राहिलो. तेवढ्या वेळात साहेबांनी त्यांना शांतपणे सगळं सांगितलं. लाल पट्टी म्हणजे रिकामा वेळ नाही, त्या वेळात जिज्जीचे हात चिकट असतात. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, ‘इन लोगों ने’ असं म्हणाले. शेठजींचा चेहरा पडला. हे सगळं त्यांनी मोठ्या हौसेने आणलं होतं, आणि ते बसवणाऱ्या माणसाने एकदाही हाताला वार्निश लावून बघितलं नव्हतं.

"तो ये पूरे तीन महीने की रिपोर्ट..." ते म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडलं.

मग जिज्जीने विचारलं, "रिपोर्ट में क्या था सेठजी?"

शेठजी पडद्यावरच्या चक्राकडे बघत राहिले. तिने टीव्हीकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं. तिने मला इतकी वर्षं वाचलंय, तिला अक्षरांची गरज नाही.

शेठजींनी जिज्जीचं टेबल ठेवलं. टेपिंगच्या खांबांवरचे फोन पुढच्याच आठवड्यात काढले. आता पहिल्यासारखी फक्त कार्डं संध्याकाळी जातात. साहेबांनी शेठजींसमोर बसून एकाच कॉइलचा नंबर सगळ्या ठिकाणी भरून दाखवला, म्हणे. रजिस्टर आणि ग्रुप दोन्ही बंद झाली. कंपनीची साइट राहिली, ती आमच्या हातात नाही. साहेब दुपारी एकदा टेबलांमधून येतात. तीनदा नाही. पण त्यांचं बोट पुन्हा कॉइलवर थांबायला लागलं आहे. टीव्ही अजून आहे, त्यावर फक्त मशीनवाल्या पुरुषांच्या पट्ट्या दिसतात. त्यांचं काय खरं आणि काय खोटं, ते मला ठाऊक नाही.

जिज्जी त्या दिवशी जेवायला माझ्याबरोबर बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या डब्यासमोर जाऊन बसले. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "तुझे पता था मेरी छुट्टी हो रही है?"

"हओ."

"कब से?"

"आठ दिन."

"आठ दिन मेरे बाजू में बैठी रही. नल की झूठी शिकायत करी, पर मुझसे न कही." ती रागावलेली नव्हती, त्याहून जास्त काहीतरी होतं. "मुझसे कहती तो मैं खुद जाके लड़ लेती. मेरी तो आवाज़ है."

हे मला सुचलंच नव्हतं. साहेबांना कसं सांगू याचाच मी आठ दिवस विचार केला. जिचं नुकसान होणार होतं तिला सांगता आलं असतं. ती भांडली असती आणि माझ्याहून चांगली भांडली असती. मी तिला वाचवायला निघाले होते आणि तिला विचारलंच नव्हतं. सकाळी तिच्या नावाने दाबलेल्या बटणाने ती पट्टी लाल होते, हे तरी तिला कुठे सांगितलं होतं?

"चूक झाली," मी मराठीतच म्हटलं. तिला समजलं.

तिने उरलेली भाकरी संपवली. मग डब्याचं झाकण लावून तिने खिशातून जॉब कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"ये जो लिखा है, ये कौन सी गिनती है? बता. अब मेरा नंबर मैं देखूँगी."

तेव्हापासून जेवणानंतर मी तिला आकडे शिकवते. नऊ आणि सहा यांत ती अजून गोंधळते आणि चिडते. संध्याकाळी कार्डं द्यायच्या आधी ती प्रत्येक कार्डावरचा नंबर मोठ्याने वाचते, टेबलावरच्या कॉइलवरचा नंबरही वाचते, दोन्ही जुळले की कार्ड स्वतःच्या गठ्ठ्यात ठेवते. तिला वेळ लागतो. मला कधी कधी बस चुकेल असं वाटतं आणि मी पटकन वाचून द्यायला हात पुढे करते. ती कार्ड ओढून घेते.